यंदा कोणता कोड खोडायचा?

नमस्कार. आयोजकांनी मला दिलेला विषय आहे 'वेब डेव्हलपमेंटमध्ये नवीन काय'. या विषयावर बोलायला उभं राहिलं की यादी वाचून दाखवायचा मोह होतो. रिॲक्टची अमुक आवृत्ती आली, अँग्युलरची तमुक आली, कोड बांधून देणाऱ्या व्हीट या साधनाची आणखी एक येऊ घातली आहे. ती यादी तुम्हाला मोबाइलवर दोन मिनिटांत मिळेल, आणि माझं बोलणं संपेपर्यंत तिच्यात भरही पडलेली असेल. म्हणून मी प्रश्नच थोडा बदलून घेतो. गेल्या तीन-चार वर्षांत वेबवर जे काही नवं आलं, त्यामुळे आपल्या प्रोजेक्टमधला कोणता कोड आता खोडून टाकता येतो? नव्या गोष्टीची किंमत मला तरी याच मापानं कळते.

आधी एक फरक सांगतो. फ्रेमवर्कची, म्हणजे ज्यावर ॲप उभं करतात त्या रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यूसारख्या तयार सांगाड्याची, नवी आवृत्ती आली की ती आपल्याला कामाला लावते. व्ह्यू २चा अधिकृत सपोर्ट ३१ डिसेंबर २०२३ला संपला, आणि ज्यांचे प्रोजेक्ट त्यावर उभे होते त्यांना व्ह्यू ३कडे जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ब्राउझरमध्ये एखादं नवं मानक, म्हणजे सगळ्या ब्राउझरांनी पाळायचा ठरलेला नियम, येतं तेव्हा असं काही होत नाही. कोणी तारीख देत नाही, जुनं पान मोडत नाही. टिम बर्नर्स-ली यांचं १९९१चं पहिलं वेबपान सर्न या संशोधन संस्थेनं जतन करून ठेवलंय, ते आजच्या क्रोममध्येही उघडतं.

ही जुन्याची काळजी किती टोकाला जाते, याचा एक मासला २०१८मध्ये पाहायला मिळाला. जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेतल्या ॲरेला, म्हणजे मूल्यांच्या यादीला, एक नवी मेथड (यादीवर चालवायची क्रिया) द्यायची होती, आतले ॲरे उलगडून सपाट करणारी. नाव ठरलं होतं 'फ्लॅटन'. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती आली आणि काही जुन्या साइट मोडल्या. कारण? मूटूल्स नावाच्या एका जुन्या लायब्ररीनं, म्हणजे तयार कोडच्या संचानं, त्याच नावाची स्वतःची मेथड ॲरेवर चिकटवलेली होती. आता मूटूल्स २०१८मध्ये नव्यानं कोण वापरत होतं? जवळपास कोणी नाही. पण त्या पडून असलेल्या साइट मोडू नयेत म्हणून टीसी-३९ समितीनं, म्हणजे जावास्क्रिप्टचं मानक ठरवणाऱ्या मंडळींनी, मेथडचं नाव बदलून 'फ्लॅट' केलं. मधल्या काळात एकानं थट्टेत 'स्मूश' हे नाव सुचवलं, ते बऱ्याच लोकांना खरंच वाटलं आणि मोठा गदारोळ झाला. ते असो. आज आपण जे 'फ्लॅट' लिहितो ते असं आलेलं आहे.

मानकं ठरवतं कोण, हे झटक्यात सांगतो. डब्ल्यूथ्रीसी ही संस्था १९९४ची. तिचा मार्ग पसंत नव्हता म्हणून ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या लोकांनी २००४मध्ये व्हॉटडब्ल्यूजी हा वेगळा गट काढला. बरीच वर्षं एचटीएमएलची, म्हणजे पानाची रचना लिहायच्या भाषेची, दोन घरं होती. २०१९मध्ये समझोता झाला आणि तेव्हापासून एचटीएमएलचं मानक व्हॉटडब्ल्यूजीकडे आहे. त्याला आता आवृत्तीचा आकडाही नाही, ते सतत बदलत राहतं. त्यामुळे 'एचटीएमएल ६ कधी येणार' असं मुलाखतीत कोणी विचारलं तर तुम्ही त्यांनाच समजावून सांगा.

पण कागदावरचं मानक आणि चालणारं मानक यात पूर्वी फार अंतर असायचं. इंजिनं तीन: क्रोमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट, फायरफॉक्सचं गेको. एकात एक गोष्ट चालायची, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात अर्धवट. हे अंतर बुजवण्यासाठी २०२२पासून दर वर्षी 'इंटरऑप' नावाचा उपक्रम चालतो. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला या एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या, आणि त्यांच्यासोबत बोकूप आणि इगालिया, असे सगळे बसून ठरवतात की यंदा या इतक्या गोष्टी सगळीकडे सारख्या चालल्या पाहिजेत. चाचण्या सगळ्यांच्या एकच, गुण जाहीर. माझ्या मते गेल्या काही वर्षांत वेबवर घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, आणि तिच्यावर फारच कमी बोललं जातं. कोणत्याही फ्रेमवर्कच्या लॉन्चला होतो तसा जल्लोष इंटरऑपच्या वाट्याला येत नाही.

इगालियाचं नाव आलंच आहे, तर थोडं विषयांतर. ही स्पेनमधल्या गॅलिसिया प्रांतातली, तिथे काम करणाऱ्यांच्याच मालकीची कंपनी. सीएसएस ही पानाला रूप देणारी भाषा, आणि तिच्यातलं ग्रिड, म्हणजे पान रकाने-ओळींत मांडायची सोय, तुम्ही रोज वापरता. ते क्रोमियम (क्रोम ज्यावर बांधलंय तो मूळ कोड) आणि वेबकिटमध्ये आणण्याचं बरंचसं काम इगालियानं केलं आणि त्यासाठी पैसे दिले ब्लूमबर्गनं. बाजारभावाचे तक्ते दाखवणाऱ्या कंपनीला चांगले तक्ते हवे होते, म्हणून साऱ्या जगाला ग्रिड मिळालं. मानकं अशीही घडतात.

आता खोडायच्या कोडकडे येऊ. सीएसएसमध्ये 'मुलावरून आईबापाला पकडायचं' ही मागणी वीसेक वर्षांची होती. म्हणजे असं: फॉर्ममधल्या एका रकान्यात चूक आहे, तर त्या रकान्याभोवतीचा सगळा खोका लाल करायचा. सीएसएसला वरून खाली जाता यायचं, खालून वर नाही. ब्राउझर बनवणारे म्हणायचे, यानं पान मंदावेल. एका कोपऱ्यात काही बदललं की वरचं सगळं पुन्हा तपासावं लागेल. म्हणून आपण जावास्क्रिप्ट लिहायचो. चूक सापडली की खोक्याला क्लास लाव, चूक गेली की क्लास काढ, आणि काढायला विसरलो की बग. 'हॅज' या सिलेक्टरनं, म्हणजे कोणत्या घटकाला रूप द्यायचं ते निवडणाऱ्या खुणेनं, हे संपवलं. सफारीत तो मार्च २०२२मध्ये आला, क्रोममध्ये त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३मध्ये. आज हे काम सीएसएसच्या एका ओळीत होतं.

कंटेनर क्वेरीची गोष्ट याच जातीची. मीडिया क्वेरी विचारते की स्क्रीन किती रुंद आहे. पण बातमीचं कार्ड मुख्य रकान्यात आहे की बाजूच्या पट्टीत, हे तिला कळत नाही. त्यासाठी 'छोटं कार्ड', 'मोठं कार्ड' असे वेगवेगळे कंपोनंट (पानाचे सुटे भाग) आपण करत बसलो. फेब्रुवारी २०२३पासून तिन्ही इंजिनांत कार्डाला स्वतःच्या जागेची रुंदी विचारता येते.

डायलॉगचं तर विचारूच नका. पानावर उघडणारी चौकट, तीत अडकलेला फोकस, एस्केप दाबल्यावर बंद होणं, मागचं पान निष्क्रिय होणं, हे सगळं नीट करणारा मोडल स्वतः लिहिणं किती किचकट आहे, हे ज्यांनी लिहिलाय त्यांना माहीत आहे. क्रोमनं 'डायलॉग' हा टॅग २०१४मध्येच आणला होता. बाकीचे दोन पोहोचले मार्च २०२२मध्ये. आठ वर्षं! त्या आठ वर्षांत जगात किती मोडल लायब्रऱ्या जन्मल्या आणि मेल्या असतील.

पॉपओव्हरचा, म्हणजे बटण दाबल्यावर पानावर तरंगत उघडणाऱ्या छोट्या चौकटीचा, किस्सा मला मुद्दाम सांगायचाय, कारण त्यातून 'सगळीकडे चालतं' या शब्दांचा अर्थ कळतो. 'बेसलाइन' ही खूण तुम्ही एमडीएन या वेबच्या संदर्भ-साइटवर पाहिली असेल. एखादी गोष्ट सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आली की ती 'नव्यानं उपलब्ध' होते आणि त्यानंतर ३० महिने गेले की 'सर्वदूर उपलब्ध'. एप्रिल २०२४मध्ये फायरफॉक्सनं पॉपओव्हर आणला आणि ही खूण लागली. मग लक्षात आलं की आयफोनवर बाहेर टॅप केलं तरी पॉपओव्हर मिटत नाही. आता पॉपओव्हरचा अर्धा उपयोगच तो! खूण काढून घेतली, ॲपलनं दुरुस्ती केली, आणि जानेवारी २०२५मध्ये ती पुन्हा लागली. चूक झाली म्हणून मी हे सांगत नाहीये. खूण काढून घेण्याइतका प्रामाणिकपणा त्या यादीत आहे, म्हणून मी तिच्यावर भरवसा ठेवतो.

त्याच्या जोडीला अँकर पोझिशनिंग आलंय: बटणाला टूलटिप (छोटी माहितीची पट्टी) चिकटवायची, आणि खाली जागा नसेल तर ती आपोआप वर उघडायची. क्रोमनं मे २०२४मध्ये दिलं, सफारीनं सप्टेंबर २०२५मध्ये, फायरफॉक्सनं जानेवारी २०२६मध्ये. पॉपर आणि फ्लोटिंग-यूआय या लायब्रऱ्या हेच काम जावास्क्रिप्टनं करत आल्या. लगेच काढा असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे जुने अँड्रॉइड फोन भरपूर आहेत, आणि अँड्रॉइड ८ व ९साठी क्रोमची १३८ ही शेवटची आवृत्ती ठरली. त्या फोनवर अँकर पोझिशनिंग चालेल, पण १३८नंतरची कोणतीही नवलाई तिथे कधीच पोहोचणार नाही. ग्राहक कोण आहे ते बघून ठरवा. पुण्यातल्या आयटी कंपनीचं अंतर्गत ॲप असेल तर खुशाल वापरा. शेतकऱ्यांच्या अर्जाचं पोर्टल असेल तर थांबा.

आता फ्रेमवर्क. इथेही खोडण्यासारखं बरंच आहे, आणि गंमत म्हणजे फ्रेमवर्कवालेच ते खोडायला सांगताहेत. रिॲक्टमध्ये अनावश्यक रेंडर, म्हणजे कंपोनंट विनाकारण पुन्हा काढणं, टाळायला आपण 'यूजमेमो' आणि 'यूजकॉलबॅक' पेरत आलो. नेमकं कुठे लावायचं हे कोणालाच धड कळायचं नाही, म्हणून लोक सगळीकडे लावायचे. ऑक्टोबर २०२५मध्ये रिॲक्ट कंपायलरची १.० आवृत्ती आली. ती हे काम बिल्डच्या वेळी, म्हणजे कोड ब्राउझरसाठी तयार करतानाच, स्वतः करते. डिसेंबर २०२४च्या रिॲक्ट १९मध्ये, आतल्या कंपोनंटला घटकाचा संदर्भ पोचवणाऱ्या 'फॉरवर्डरेफ'ची गरजही संपली होती. अँग्युलरमध्ये झोन-जेएस नावाची एक चीज होती. काहीतरी बदललं असेल हे कळावं म्हणून ती ब्राउझरच्या टायमरपासून प्रॉमिसपर्यंत (नंतर पूर्ण होणारी कामं) सगळ्यांवर पाळत ठेवायची. नोव्हेंबर २०२५च्या अँग्युलर २१पासून नव्या ॲपमध्ये ती नसतेच. तिच्या जागी आहेत सिग्नल: ज्या मूल्यात बदल झाला, त्यावर जे अवलंबून आहे तेवढंच पुन्हा काढायचं. ही कल्पना २०१०च्या नॉकआउटमध्ये होती, व्ह्यूमध्ये वेगळ्या नावानं होती, सॉलिडनं ती धारदार केली, स्वेल्टनं ऑक्टोबर २०२४च्या पाचव्या आवृत्तीत 'रून्स' म्हणून घेतली. आता ती थेट जावास्क्रिप्टमध्ये यावी असा प्रस्ताव २०२४पासून टीसी-३९पुढे आहे, पहिल्याच पायरीवर. घाई होईल असं मला वाटत नाही आणि होऊही नये, कारण भाषेत एकदा आलेली गोष्ट परत काढता येत नाही. जुनं मोडू नये म्हणून किती जपतात, हे आपण 'फ्लॅटन'च्या वेळी पाहिलं.

फ्रेमवर्कनं घेतलेलं दुसरं वळण म्हणजे सर्व्हरकडे परत जाणं. रिॲक्टचे सर्व्हर कंपोनंट त्याचंच रूप. कल्पना चांगली आहे: ब्राउझरकडे कमी जावास्क्रिप्ट जातं. पण त्यासाठी रिॲक्टनं ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात माहिती पाठवायची स्वतःची पद्धत तयार केली, आणि ३ डिसेंबर २०२५ला तिच्यातलं भगदाड जाहीर झालं. बाहेरून आलेला मजकूर उलगडताना पुरेशी तपासणी होत नव्हती. लॉगिन न करता, एका विनंतीत, कोणीही तुमच्या सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. तीव्रता १० पैकी १०. तुम्ही स्वतः एकही सर्व्हर फंक्शन लिहिलेलं नसलं, तरी सर्व्हर कंपोनंटची सोय चालू असेल तर धोका होता. त्याच दिवशी दुरुस्त आवृत्त्या आल्या आणि काही तासांतच हल्लेही सुरू झाले. ज्यांचं रिॲक्ट फक्त ब्राउझरमध्ये चालत होतं त्यांना याची झळ लागली नाही. मला यावरून रिॲक्टला नावं ठेवायची नाहीत. आपण न लिहिलेला कोडही आपल्याच सर्व्हरवर चालतो आणि त्याची जोखीमही आपलीच असते, एवढंच.

तीच गोष्ट एनपीएमची, म्हणजे जिथून आपण जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं घेतो त्या भांडाराची. सप्टेंबर २०२५मध्ये पॅकेजं सांभाळणाऱ्या एका मेंटेनरला फसव्या ईमेलनं गंडवून 'चॉक', 'डीबग' अशा पॅकेजांत घातक कोड घुसवला गेला. आठवड्याला एकूण २०० कोटींहून जास्त वेळा डाउनलोड होणारी ही पॅकेजं. आणि २०१६चं 'लेफ्ट-पॅड' आठवतंय? शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणाऱ्या ११ ओळी लेखकानं काढून घेतल्या आणि जगभरचे बिल्ड पडले. पुढच्याच वर्षीच्या जावास्क्रिप्ट मानकात 'पॅडस्टार्ट' आलं. ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

आता आपल्या भाषेकडे येतो, कारण इथला कोड आपणच खोडायचा आहे, दुसरं कोणी आपल्यासाठी करणार नाही. ॲपमध्ये फोटो नसेल तर गोलात नावाचं पहिलं अक्षर दाखवतात. बहुतेक ठिकाणी कोड असतो: स्ट्रिंगचा शून्याव्या जागचा घटक घे. इंग्रजी नावाला चालतं. श्रीकांतच्या गोलात मात्र नुसता 'श' येतो, ज्ञानेश्वरच्या गोलात 'ज'. कारण जावास्क्रिप्टला 'ज्ञा' हे एक अक्षर दिसत नाही. ज, हलन्त, ञ आणि काना असे चार तुकडे दिसतात. 'ज्ञानेश्वर' या नावाची लांबी ती १० सांगते, आपण मोजतो चार. फॉर्मवर दहा अक्षरांची मर्यादा घातलीत, तर ज्ञानेश्वरचं नाव जेमतेम मावतं.

यासाठी ब्राउझरमध्ये मजकुराचे अक्षरांत नीट तुकडे करणारा 'इंटल सेगमेंटर' आहे. क्रोम आणि सफारीत तो आधीच होता, फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४मध्ये आला. पण त्याच्यामागचे युनिकोडचे, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या संगणकीय मानकाचे, नियमही पूर्वी जोडाक्षराला हलन्तापाशी तोडायचे. 'महाराष्ट्र'चे सहा तुकडे व्हायचे: म, हा, रा, ष्, ट्, र. सप्टेंबर २०२३च्या युनिकोड १५.१मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नियम बदलला, आणि आता त्या नियमानं चार होतात, 'ष्ट्र' अखंड. म्हणजे श्रीकांतच्या गोलात 'श्री' आणायला आता कुठलीही लायब्ररी लागत नाही. हाताने लिहिलेले, प्रत्येक मात्रेची यादी ठेवणारे ते भलेमोठे रेग्युलर एक्स्प्रेशन तुमच्या प्रोजेक्टमध्ये असतील तर शोधा.

अंकांचंही तसंच. ब्राउझरच्या नंबर फॉरमॅटला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) दिलं की तो १२,३४,५६७ असं देवनागरीत, लाखाच्या स्वल्पविरामांसह देतो. हिंदी लोकेल दिलं तर मूळ निवड 1, 2, 3 अशा इंग्रजी अंकांची आहे, मराठीची देवनागरी. त्यामुळे लाख-कोटींचे स्वल्पविराम टाकणारं फंक्शनही खोडा. फक्त एक सांभाळा. हाच मजकूर परत आकडा म्हणून वाचायला गेलात तर जावास्क्रिप्ट सांगेल, हा आकडाच नाही. आत साधा आकडा ठेवा, देवनागरी फक्त दाखवताना. आणि डिझायनरला एक निरोप द्या: मराठी शीर्षकांवर लेटर-स्पेसिंग लावू नका, शिरोरेषा तुटते.

युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांच्या साइट वाचायला त्यांचा त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागायचा, हे इथल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल. पडद्यावर मराठी दिसायची, फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरांचा गिचमिड असायचा. तो मजकूर शोधयंत्राला कळला नाही आणि आज फाँट नसेल तर आपल्यालाही कळत नाही.

तारखांवर दोन शब्द. जावास्क्रिप्टची 'डेट' १९९५मध्ये जावा या वेगळ्या भाषेतून उचललेली. जावानं १९९७मध्ये त्यातल्या बऱ्याचशा मेथड टाकाऊ ठरवल्या, आपण अजून वापरतोय. जानेवारी म्हणजे शून्य, ही तिथलीच देणगी. मोमेंट लायब्ररीनं तर २०२०मध्ये स्वतःच सांगितलं की नव्या प्रोजेक्टमध्ये आम्हाला घेऊ नका. आता 'डेट'च्या जागी 'टेम्पोरल' आलंय, फायरफॉक्समध्ये मे २०२५ला, क्रोममध्ये जानेवारी २०२६ला. त्यात जानेवारी म्हणजे १ आहे आणि टाइमझोनही नीट आहेत. भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका, १९५७मध्ये स्वीकारलेली शके, हीसुद्धा त्यात चालते. पंचांगातली तिथी मात्र नाही. गुढीपाडवा कधी ते टेम्पोरलला विचारू नका.

एक प्रश्न आलाय, चिठ्ठीवर: 'मग आम्ही रिॲक्ट शिकायचं की नाही?' शिका ना. मुलाखतीत तेच विचारणार आहेत. अँग्युलरजेएसचा सपोर्ट जानेवारी २०२२मध्ये संपला, तरी त्यातले प्रोजेक्ट सांभाळणारी माणसं आजही लागतात. रिॲक्ट तर अजून जोरात आहे. फक्त कॉलेजच्या पुढच्या प्रोजेक्टला एक करून बघा. मोडल, टूलटिप, ॲकॉर्डियन (उघडझाप होणारे विभाग), तारीख निवडायचा रकाना, या चार गोष्टींसाठी एनपीएमकडे न जाता आधी एमडीएन उघडा. ॲकॉर्डियनला 'डीटेल्स' टॅग आहे. त्याला एकच 'नेम' दिलं की एक उघडल्यावर दुसरा मिटतो, तेही जावास्क्रिप्टशिवाय. तारखेच्या रकान्यात मात्र अडाल. ब्राउझरचा तो रकाना दिसायला हवा तसा सजवता येत नाही, आणि तिथे अजून तरी लायब्ररीच घ्यावी लागेल.